तंजावर : दीड दिवसात काय पाहावे आणि काय सोडावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. जानेवारीच्या अखेरीस आई-वडिलांना घेऊन तंजावरला जाण्याचे ठरवले आहे. शुक्रवारी रात्री तिरुचिरापल्लीच्या विमानतळावर उतरून तेथूनच गाडीने तंजावरला मुक्कामाला जाऊ. शनिवारचा पूर्ण दिवस हाती आहे आणि रविवारी संध्याकाळी सहाचे परतीचे विमान आहे. यापेक्षा अधिक रजा मिळण्यासारखी नाही.

वडील महसूल खात्यातून निवृत्त झाले आहेत. जुने दस्त हाताळता हाताळता ते मोडी शिकले आणि आता तोच त्यांचा छंद झाला आहे. तंजावर म्हटले की भोसल्यांचा शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय या दोनच गोष्टी त्यांच्या बोलण्यात येतात. आईला शांतपणे देवदर्शन हवे आहे. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चालणे आणि उंच पायऱ्या शक्यतो टाळायच्या आहेत.

एका प्रवासी संस्थेने जो कार्यक्रम आखून दिला आहे, त्यात शनिवारी सकाळी गंगैकोंडचोळपुरम, त्यानंतर दारासुरम आणि स्वामिमलै, दुपारी तिरुवय्यारु आणि संध्याकाळी तंजावरचे थोरले बृहदीश्वराचे देऊळ असे आहे; राजवाडा रविवारी 'वेळ उरल्यास' असे लिहिले आहे. हा कार्यक्रम वाचून मला धास्तीच वाटली. बृहदीश्वराला प्रत्यक्षात किती वेळ द्यावा, शिलालेख देवळात नेमका कोठे आहे आणि तो वाचता येण्याजोगा आहे का, ग्रंथालयात मोडी कागद पाहायला मिळतात का, आणि तंजावरबाहेरचे एखादेच ठिकाण निवडायचे झाल्यास कोणते निवडावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कावेरीकाठ

कृष्णाकाठ, नोकरीनिमित्त काही वर्षे मी त्या भागात राहिलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम तो कार्यक्रम बाजूला ठेवावा. गंगैकोंडचोळपुरम तंजावरपासून सुमारे ७० किलोमीटर आहे आणि तमिळनाडूतील बहुतेक मंदिरे दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होऊन चारच्या सुमारास उघडतात. हे एक गणित ध्यानात घेतले तरी दिसून येईल की त्या आखणीत तुमचा निम्मा दिवस गाडीत आणि उरलेल्यातला बराचसा वेळ बंद दारांसमोर जाणार आहे. ज्या मंदिरासाठी एवढा प्रवास करायचा, ते दिवसभर थकल्यावर शेवटी पाहायचे, ही मांडणीच मला पटत नाही.

माझे आग्रहाचे सांगणे असे की बृहदीश्वराला दोनदा जावे: शनिवारी पहाटे सहाच्या सुमारास एकदा आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचनंतर पुन्हा एकदा. सकाळी गर्दी नसते, दगड तापलेला नसतो आणि आईंना दर्शन सावकाश घेता येते. संध्याकाळी गावातली माणसे मुलाबाळांसह अंगणात येऊन बसतात, त्यामुळे एक हजार वर्षांचे हे देऊळ आजही गावाचे देऊळ कसे आहे ते कळते. मधल्या वेळेत राजवाडा, कलादालन आणि ग्रंथालय पाहावे. देवळापासून राजवाडा दीडएक किलोमीटरवर आहे, रिक्षा सहज मिळते.

आता देवळात काय पाहावे याविषयी. पहिल्या राजराज चोळाने बांधलेले हे मंदिर १०१० साली पूर्ण झाले. गाभाऱ्यावरचे तेरा थरांचे विमान, म्हणजे शिखर, सुमारे ६६ मीटर उंच आहे आणि ते सबंध ग्रॅनाइटचे आहे. या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असे तुम्हाला तेथे कोणी ना कोणी हमखास सांगेल. सावली पडते, सकाळच्या उन्हात आपणच पाहून घ्यावे. अशा दंतकथांपायी खरे नवल मागे पडते, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

खरे नवल जोत्यावर आहे. माणसाच्या नजरेच्या उंचीवर, देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर आणि जोत्यावर ओळीच्या ओळी तमिळ लेख कोरलेले आहेत. आम्ही दिलेले, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेले, आमच्या राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले दान या विमानावर कोरून ठेवावे, अशी राजराजाची आज्ञाच त्यात आहे. ही बहीण म्हणजे कुंदवै. दागिन्यांचे वजन, मूर्तींची उंची, कोणत्या गावाने किती धान्य द्यायचे, असा सारा हिशेब त्यात येतो. एक नंदादीप अखंड तेवता ठेवण्यासाठी ९६ मेंढ्या देण्याची रीत होती. मेंढ्या धनगरांकडे सोपवायच्या आणि त्यांनी रोज ठरलेल्या मापाने तूप आणून घालायचे. राज्यभरातल्या देवळांतून येथे आणलेल्या ४०० नर्तकींची नावे, प्रत्येकीचे मूळचे देऊळ आणि तिला कोणत्या गल्लीत कितवे घर दिले, हेही त्यात आहे. आपल्याला तमिळ वाचता येत नसले तरी हे ठाऊक असून त्या भिंतीजवळून चालणे आणि नुसतेच शिखराकडे पाहून परतणे यात फार अंतर आहे. वडिलांनी आयुष्यभर दप्तर पाहिले आहे, त्यांना ही गोष्ट सांगावी लागणार नाही.

गाभाऱ्याभोवतीच्या आतल्या प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रे आहेत. मराठ्यांच्या आधी तंजावरवर राज्य करणाऱ्या नायक राजांच्या काळातील चित्रांच्या थराखाली ती दडलेली होती आणि १९३१ साली उजेडात आली. तो मार्ग सर्वसामान्यांसाठी खुला नसतो. परंतु आवारातील ओवऱ्यांमध्ये पुरातत्त्व खात्याचे एक छोटे माहिती दालन आहे, तेथे त्यांच्या प्रतिकृती पाहता येतात. ते दालन वगळू नये. प्रचंड नंदी आणि त्यावरचा मंडप नायकांच्या काळातील आहे. वायव्येकडचे सुब्रह्मण्याचे देऊळही त्यांच्याच काळातले. त्याचे कोरीवकाम इतके नाजूक आहे की थोरल्या देवळाच्या दडपणातून बाहेर येऊन ते स्वतंत्रपणे पाहावे.

दप्तरखाना

कावेरीकाठ यांनी देवळाविषयी जे लिहिले आहे ते पूर्णपणे मान्य आहे. मी शिलालेख आणि ग्रंथालय या दोनच प्रश्नांपुरते लिहितो.

भोसले वंशाचा शिलालेख बृहदीश्वराच्या प्राकाराच्या, म्हणजे तटबंद आवाराच्या, नैऋत्य भागातील भिंतीवर आहे. त्याच कोपऱ्यात गणपतीचे देऊळ आहे, तीच खूण धरावी. लेख १८०३ सालचा, दुसऱ्या सरफोजी राजांनी कोरवून घेतलेला आहे. तो मराठी भाषेत आणि देवनागरी लिपीत आहे. तेथे मोडीची गरज पडणार नाही, त्यामुळे तुम्हा सर्वांनाच तो वाचता येईल. अक्षरे दगडात दाट ओळींनी कोरलेली आहेत, विरामचिन्हे नाहीत आणि शब्द एकमेकांना लागून येतात, म्हणून पहिल्या काही ओळींना वेळ लागतो. एकदा लेखनिकाचे वळण डोळ्यांत बसले की पुढचे वाचन सुकर होते. तिरपा उजेड असेल तर खोदलेली अक्षरे अधिक उठून दिसतात. लहान विजेरी बरोबर ठेवावी आणि तिचा झोत समोरून न टाकता बाजूने टाकावा. दगडाला हात लावू नये, खडू किंवा पाणी तर मुळीच लावू नये. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून पूर्वी अनेक ठिकाणी अनेकांनी असे करून लेखांची हानी केली आहे.

हा लेख का कोरला गेला, हे समजून घेतल्याशिवाय तो वाचू नये असे मला वाटते. शहाजी राजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर ताब्यात घेतले. पुढे सव्वाशे वर्षांनी, दत्तकाच्या वादातून वाट काढत, १७९८ साली सरफोजी गादीवर आले ते कंपनी सरकारच्या पाठिंब्याने. लगेच १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी हा लेख कोरला गेला आहे. हाती सत्ता उरली नसताना आपल्या घराण्याचा वृत्तान्त, तोही चोळांच्या देवळाच्या भिंतीवर, मराठीत लिहून ठेवण्याची निकड एका राजाला वाटली. त्यातील प्राचीन वंशावळ इतिहास म्हणून जशीच्या तशी स्वीकारता येत नाही, परंतु राजाला आपला वंश कसा सांगितला जावा असे वाटत होते, याचा तो अस्सल पुरावा आहे.

मात्र राज्य गेल्यावर सरफोजींनी उरलेली उमेद कशात घातली, ते राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात दिसते. नायक राजांच्या वेळचा संग्रह त्यांनी वाढवला, काशीयात्रेत आणि अन्यत्र पोथ्या गोळा केल्या, नकलून घेतल्या. ताडपत्रे आणि कागद मिळून तेथे सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृत सर्वाधिक, शिवाय तमिळ, तेलुगू आणि तीन हजारांहून अधिक मराठी. त्याखेरीज तंजावर दरबाराच्या मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. राजांनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ साली त्यातून इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर छापून निघाले. पुण्या-मुंबईत मराठी मुद्रण रुजण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, आणि आपल्या शाळांतून ती आवर्जून सांगितली जायला हवी.

तुमच्या थेट प्रश्नाचे उत्तर असे: पर्यटकांना जे दालन खुले असते ते लहान आहे. तेथे निवडक ताडपत्रे, सचित्र पोथ्या, नकाशे आणि सरफोजींच्या संग्रहातील युरोपीय छापील पुस्तके काचेआड मांडलेली असतात. माणसांच्या आणि जनावरांच्या चेहऱ्यांचे साम्य दाखवणारी ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रे तेथे पाहायला मिळतात. मोडीचे रुमाल पाहणे हा संशोधकांचा विभाग आहे आणि त्यासाठी ग्रंथालयाला आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी लागते. आयत्या वेळी जाऊन ते होणार नाही. जानेवारीला अवधी आहे, तेव्हा वडिलांनी स्वतःच आपला अभ्यास काय आहे ते लिहून विनंती करावी आणि शनिवारी संशोधन विभाग सुरू असतो का, हेही त्याच पत्रात विचारावे. परवानगी न मिळाली तरी ग्रंथालयाच्या विक्री विभागात त्यांनी प्रकाशित केलेली मराठी पुस्तके मिळतात, ती अन्यत्र सहसा दिसत नाहीत.

पायवाट

तंजावरबाहेरच्या ठिकाणाविषयी माझे मत कावेरीकाठ यांच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. गंगैकोंडचोळपुरम सोडून द्यावे हे बरोबर. परंतु दारासुरम सोडू नये. तंजावरपासून ते सुमारे ३५ ते ४० किलोमीटरवर, कुंभकोणमच्या अलीकडे आहे. रविवारी सकाळी सातला निघालात तर दोन तास तेथे घालवूनही साडेअकरापर्यंत तंजावरला परत येता येईल, आणि तिरुचिरापल्लीचा विमानतळ तंजावरहून रस्त्याने दीड तासावर आहे. सहाच्या विमानासाठी हे पुरेसे मोकळे गणित आहे.

दारासुरमचे ऐरावतेश्वराचे देऊळ दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधले. तंजावरचे विमान पाहताना मान वर करावी लागते. येथे मात्र खाली वाकून, अगदी जवळ जाऊन पाहावे लागते. पुढच्या मंडपाला दगडी चाके आणि ओढणारे घोडे जोडून त्याला रथाचे रूप दिले आहे. कठड्याजवळ एक शिल्प आहे, त्यात हत्ती आणि बैल यांचे एकच मस्तक कोरलेले आहे: एका बाजूचे शरीर हाताने झाकले तर हत्ती दिसतो, दुसरी बाजू झाकली तर बैल. गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर खालच्या पट्टीत त्रेसष्ट नायन्मारांच्या, म्हणजे शैव संतांच्या, जीवनकथा वीतभर उंचीच्या चौकटींत कोरल्या आहेत. आपल्याकडे भक्तविजयाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला त्या फार आपल्याशा वाटतील. देवासाठी स्वतःचा डोळा काढून देणारा कण्णप्पा त्यांच्यातच आहे. देऊळ लहान आणि बहुतेक एकाच पातळीवर असल्यामुळे आईंनाही त्रास होणार नाही.

राजवाड्यातील कलादालनाविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून सांगतो. तेथे चोळकालीन ब्राँझ मूर्तींचा जो संग्रह आहे, त्यातील तिरुवेंकाडूची वृषभवाहन शिवाची मूर्ती पाहण्यासाठी स्वतंत्र वेळ ठेवावा. ती १०११ सालची, म्हणजे बृहदीश्वर पूर्ण झाल्याच्या पुढच्याच वर्षाची आहे. शिव नंदीला रेलून उभे आहेत. नंदी आज नाही, पण त्याच्या पाठीवर टेकलेला उजवा हात तसाच अधांतरी आहे, आणि त्या हाताचा सैलपणा असा साधला आहे की नसलेला नंदी तेथे असल्याचे भासते. डोक्यावर नेहमीच्या मुकुटाऐवजी सर्पांनी वेढलेला जटांचा फेटा आहे. पाठीमागून पाहता आली तर मागूनही पाहावी, कारण केसांची गुंफण तेथेच नीट दिसते. शेजारी पार्वतीची मूर्ती आहे, ती एका वर्षानंतरची. माझ्या मते तंजावरात बृहदीश्वराच्या खालोखाल ही मूर्ती, आणि मग उरलेले सारे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना ही सारी चर्चा वाचून दाखवली. ग्रंथालयाला पत्र लिहायला त्यांनी आजच सुरुवात केली आहे. प्रवासी संस्थेचा कार्यक्रम रद्द करून आम्ही फक्त गाडी ठरवत आहोत. शनिवार पूर्ण तंजावरसाठी आणि रविवारी सकाळी दारासुरम, असे आता नक्की झाले.

आणखी दोन शंका आहेत. आईला अनवाणी चालताना दगडाचा त्रास होईल का आणि गाभाऱ्यापर्यंत पायऱ्या किती अवघड आहेत? आणि वडिलांनी विचारले आहे की समर्थ संप्रदायाच्या तंजावरातील खुणा या वेळेत पाहता येतील का?

निशिगंध

आईंच्या शंकेविषयी लिहिते, कारण मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते आणि त्यांचीही हीच अडचण होती. आवार फार मोठे आहे, साधारण २४० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद, म्हणून नुसती एक प्रदक्षिणा म्हटली तरी बरेच चालणे होते. सकाळी दगड गार असतो. उन्हे चढल्यावर जेथे काथ्याच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात, त्यांवरूनच चालावे. जाड मोजे बरोबर असलेले बरे. जानेवारीत ऊन सोसवते, तरी अकरानंतर दगड तापतोच. मंडपात चढण्याच्या पायऱ्या उंच आहेत, परंतु त्या एकदाच चढायच्या आहेत. हाताला धरून, मध्ये थांबत गेल्यास सासूबाईंना जमले. दर्शन झाल्यावर आईंना ओवरीत बसवावे. तेथे सावली असते, वारा येतो आणि तुमचे लेखवाचन होईपर्यंत त्यांना कंटाळा येणार नाही. राजवाड्यात मात्र काही भागांत जिने आहेत आणि तिकिटेही विभागांप्रमाणे वेगवेगळी घ्यावी लागतात, म्हणून कलादालन आणि ग्रंथालय एवढेच त्यांच्यासाठी निवडावे, मनोऱ्याकडे जाऊ नये. दुपारी दोन तास खोलीवर विश्रांती घेतल्याशिवाय संध्याकाळी पुन्हा देवळात जाणे त्यांना झेपणार नाही, आणि संध्याकाळ तर चुकवू नये.

पोंगलचा सण जानेवारीच्या मध्याला असतो, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा ती गर्दी ओसरलेली असेल. तिरुवय्यारुला कर्नाटक संगीतातील थोर रचनाकार त्यागराज यांची आराधना, म्हणजे पुण्यतिथीचा उत्सव, पौष वद्य पंचमीला असते. ती तुमच्या तारखांच्या जवळ येते का ते पंचांगात पाहून ठेवावे, कारण त्या दिवसांत तंजावरातही खोल्या मिळणे कठीण होते.

दप्तरखाना

वडिलांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. समर्थांचे शिष्य भीमस्वामी यांनी तंजावरात मठ स्थापन केला होता आणि त्या परंपरेचे अवशेष आजही त्या गावात आहेत. सज्जनगडावर ज्या पंचधातूच्या राम, लक्ष्मण आणि सीतेच्या मूर्तींचे आपण दर्शन घेतो, त्या समर्थांच्या अखेरच्या दिवसांत तंजावरहून घडवून आणल्या, अशी संप्रदायाची परंपरा सांगते. कीर्तनाची आपली पद्धतही याच लोकांनी तेथे नेली आणि पुढे तमिळ प्रांतातील हरिकथेच्या घडणीत तिचा मोठा वाटा राहिला. मठाला भेट द्यायची असल्यास तेथील तंजावरी मराठी कुटुंबांपैकी कोणाची तरी सोबत मिळवावी. ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या घरी मराठी बोलत आली आहेत, आणि महाराष्ट्रातून कोणी आले म्हटल्यावर आस्थेने वेळ देतात. शनिवारी दुपारी तुम्ही आईंना विश्रांतीसाठी खोलीवर सोडाल, त्याच वेळेत वडिलांना घेऊन हे करता येईल.

एक शेवटची सूचना. शिलालेख एका बैठकीत वाचून होणार नाही, तो फार लांब आहे. भारतातील सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते. वडिलांनी सकाळी सुरुवातीचा भाग आणि व्यंकोजींच्या तंजावर-प्रवेशाचा भाग तेवढा शोधून वाचावा, छायाचित्रे ओळीने काढून ठेवावीत, म्हणजे सलग वाचन घरी होईल. छायाचित्र घेताना प्रत्येक चौकटीत मागच्या चौकटीतील दोन ओळी येऊ द्याव्यात. नाहीतर नंतर जुळवताना कोणता तुकडा कोठला हे कळत नाही. गाभाऱ्यात छायाचित्रणास मनाई आहे, प्राकारात ते करता येते. वडिलांनी केलेले लिप्यंतर येथे दिले तर आम्ही काहीजण ते ताडून पाहायला तयार आहोत.

कृष्णाकाठ

आराधनेची तारीख पाहिली. आमच्या आधीच्या आठवड्यात आहे, त्यामुळे खोल्यांची अडचण दिसत नाही. लिप्यंतराचे वडिलांनी आनंदाने कबूल केले आहे. पत्राला ग्रंथालयाकडून उत्तर आले की येथे कळवीन, म्हणजे पुढे जाणाऱ्यांनाही परवानगीची रीत ठाऊक होईल.